सहा अँपिअरची सुट्टी

"नुसतं जायचं, खुर्ची टाकायची आणि पाय पसरायचे," असं म्हणत नेदरलँड्समधल्या आमच्या आइंडहोवेनच्या शेजाऱ्याने त्याच्या कॅरव्हॅनची, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायच्या चाकांवरच्या घराची, किल्ली माझ्या हातात ठेवली. त्याला त्या उन्हाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं. गुडघा कशाने गेला, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

डच लोक कॅरव्हॅनला थट्टेने 'स्लरहुट' म्हणतात, म्हणजे फरफटत न्यायची झोपडी. शाळांना सुट्टी लागली की पिवळ्या नंबरप्लेटच्या या झोपड्या रांगेने दक्षिण फ्रान्सकडे सरकू लागतात. डच माणूस बटाटेसुद्धा घरून नेतो, अशी त्यांच्यातच चेष्टा चालते. त्यावर आम्ही हसलो नाही, कारण आमच्याकडे थालीपिठाची भाजणी, दोन लोणची, पाच किलो तांदूळ आणि कुकर होता. आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं खरं, पण त्यात कुकर नसतो.

शिवाय झोपायच्या जागा चार आणि माणसं पाच. आई, बायको आणि दोन मुलं असे चार झाल्यावर हिशेब कोणी पुढे नेलाच नाही. कॅरव्हॅनला बाहेरून जोडायचा एक तंबू असतो, एवढंच मला कळवण्यात आलं.

आम्ही निघालो होतो दक्षिण फ्रान्समधल्या आर्देश भागात. आइंडहोवेन ते आर्देश सुमारे हजार किलोमीटर. लक्झेंबर्गला स्वस्त डिझेल भरायचं, मग मेत्झ, नान्सी, दिजाँ, लिआँ आणि तिथून ऱ्होन नदीच्या कडेकडेने ए-7 महामार्ग. रस्त्यावर किती गर्दी होणार हे फ्रान्समध्ये आधीच रंगांनी सांगतात: हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा. 'बिझाँ फ्युते' नावाची ही सरकारी सेवा 1976 पासून चालू आहे. जुलैवाले घरी परततात आणि ऑगस्टवाले घराबाहेर पडतात, तो शनिवार बहुतेक काळा असतो. आम्ही नेमके त्याच शनिवारी निघालो. रंग बघितला तो लिआँच्या अलीकडे, गाडी बंद करून. मोंतेलिमार हे गाव नूगा नावाच्या मिठाईसाठी प्रसिद्ध आहे. त्या गावाची पाटी आम्ही एकाच जागेवरून पाऊण तास वाचली.

कॅम्पिंगवर पोचलो आणि खरी परीक्षा सुरू झाली. कॅरव्हॅन मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ती उजवीकडे जाते. भौतिकशास्त्र मला मान्य आहे, हातांना मान्य नव्हतं. बायको मागे उभी राहून पीएमटीच्या कंडक्टरसारखी "येऊ द्या, येऊ द्या" करत होती. मध्येच "तुझ्या डावीकडे नाही, माझ्या डावीकडे!" आजूबाजूच्या डच मंडळींनी खुर्च्या आमच्याकडे तोंड करून वळवल्या. एकाने बिअर उघडली. पाचव्या प्रयत्नाला कॅरव्हॅन आणि गाडी यांचा काटकोन झाला, तेव्हा चौघं उठले, हुक सोडवला आणि काही न बोलता कॅरव्हॅन हाताने ढकलत जागेवर नेली. त्यांच्या चेहऱ्यावर दया होती. हसले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर पाणसळ. गवंडी भिंतीवर ठेवतो तीच, शेजाऱ्याने फडक्यात गुंडाळून दिली होती. मी तिच्याकडे एक नजर टाकली आणि बुडबुडा साधारण मध्ये आहे असं ठरवलं. रात्री आत झोपलेले चौघेही घरंगळत एका भिंतीला लागले. सकाळी आईने घावन घातलं, ते एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला जाळीदार. तिने ते ताटलीत घालून माझ्यासमोर ठेवलं, वर बोट ठेवून म्हणाली, "हा उतार."

मी चाकाखाली फळी सरकवली.

चहासाठी बायकोने विजेची किटली लावली आणि सगळं बंद पडलं. आमच्या जागेला सहा अँपिअरची जोडणी होती. सहा गुणिले दोनशेतीस म्हणजे 1380 वॅट. किटली एकटी दोन हजारांची, शिवाय फ्रिज. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, हे या ठिकाणी सांगितलं नाही तरी चाललं असतं. फ्यूजची पेटी कुलपात, किल्ली कॅम्पिंगच्या ऑफिसात. दुसऱ्यांदा हाच प्रकार दुपारी झाला, तेव्हा ऑफिस जेवणासाठी बारा ते तीन बंद होतं. आईने दारावरची पाटी बघून मान डोलावली. "सुधारलेले लोक दिसतायत."

आता त्या विषयाकडे वळावंच लागेल. कॅरव्हॅनच्या संडासाखाली एक पेटी असते. बाहेरच्या बाजूला छोटं दार, ते उघडून पेटी ओढायची. तिला चाकं असतात आणि प्रवासी बॅगेसारखा लांब दांडा. ती ओढत अख्खं कॅम्पिंग पार करून ठरलेल्या खड्ड्यात रिकामी करायची, धुवायची आणि निळं औषध घालून परत आणायची. फ्रान्समध्ये समोरून येणाऱ्याला 'बाँझूर' न म्हणणं म्हणजे असभ्यपणा. त्यामुळे सकाळी सात वाजता आपापली पेटी ओढत निघालेले डच, बेल्जियन, जर्मन आणि एक मराठी असे सगळे बाप्ये एकमेकांना हसून बाँझूर म्हणत होते. पेटी आतून डचमळत होती. आमचे आजोबा गावी भल्या पहाटे टमरेल घेऊन जात. वडिलांनी पुण्यात बंद दाराचं घर घेऊन ती प्रथा मोडली. नातवाने टमरेलाला चाकं लावून फ्रान्समध्ये ती पुन्हा सुरू केली.

घामाघूम होऊन पोहायला गेलो तर तिथल्या पोऱ्याने शिट्टी मारली. गुडघ्यापर्यंतची चड्डी चालत नाही. ती घालून लोक दिवसभर बाहेर हिंडतात, घाण पाण्यात येते. फ्रान्समध्ये पुष्कळ तलावांवर हाच नियम असतो: अंगाला घट्ट बसेल असं तोकडं काहीतरी पाहिजे. ऑफिसात ते विकायला होतं, माझ्या मापाचं एकच, केशरी. ते घालून मी बाहेर आलो, तेव्हा आईने चष्मा काढून पदराने पुसला. परत लावला नाही.

सुट्टीत आम्ही काहीच पाहिलं नाही असं नाही. पाँ दार्क या नैसर्गिक दगडी कमानीखालून कयाक या छोट्या होडीने गेलो. जवळच शोवे गुहा आहे. ती 1994 साली सापडली, आतली सर्वांत जुनी चित्रं सुमारे 36,000 वर्षांपूर्वीची. मूळ गुहा लोकांना बंद आहे, पण 2015 पासून तिची हुबेहूब प्रतिकृती बघता येते. गेंडे आणि सिंह इतके जिवंत की मुलंसुद्धा गप्प झाली. गाईडने सांगितलं, माणसं इथे राहत नसत, चित्रं काढायला यायची; राहायची ती अस्वलं. मी ते मराठीत सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे घर सोडून असल्या जागी मुक्काम करायचा नाही, हे तेव्हाच्या माणसांना कळत होतं."

संध्याकाळी उरलेला 'बगेत' हा लांबट फ्रेंच पाव काठीसारखा कडक व्हायचा. आई तो कुस्करून फोडणीला टाकायची. मोहरी तडतडली की शेजारच्या झाडाझाडांतली सिकाडा नावाच्या किड्यांची किरकिर सुद्धा मला क्षणभर ऐकू येईनाशी व्हायची. मग जेवणं, मग परातभर भांडी घेऊन मी सार्वजनिक मोरीवर. तिथे सकाळचेच चेहरे, हातात घासणी.

शेवटच्या रात्री मी तंबूत पडलो होतो, कानाशी डास. पातळ भिंतीपलीकडे आई पुण्याच्या मावशीशी फोनवर बोलत होती. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, पण दोघींना त्याचं काही नव्हतं.

"अगं, इतकी विश्रांती आयुष्यात मिळाली नव्हती. इकडे सगळी कामं पुरुष करतात. पाणी तेच भरतात, भांडी तेच घासतात, आणि ते दुसरंसुद्धा तेच करतात. पुढच्या वर्षी तू येच. ... जागेचं काय एवढं? माझ्या शेजारी झोप. नातवंडांना घालू की बाहेर, बापाजवळ."