चेनिन ब्लँक, देवळाली आणि नॉमिनी

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनरींमध्ये शनिवार-रविवारी जी पाहुणेमंडळी येतात, त्यांच्यापैकी काहींना एका गोष्टीचे फार हसू येते. दिंडोरीकडचा किंवा निफाडचा एखादा बागायतदार आपल्या बागेतल्या वाइनच्या द्राक्षवाणाचे नाव ‘चेनिन ब्लँक’ असे खणखणीत घेतो आणि हे लोक एकमेकांकडे पाहून ओठ दाबतात. मूळ फ्रेंच उच्चार ‘शनँ ब्लाँ’च्या जवळपास जाणारा आहे, हे खरे आहे. परंतु लंडनमधला इंग्रज माणूसही त्यातले अनुनासिक स्वर आपल्या सोयीने सपाट करूनच बोलतो आणि त्याला कोणी हसत नाही. ज्याने त्या वेलीची छाटणी केली, डाऊनी या बुरशीजन्य रोगापासून घड वाचवले आणि रसातली साखर मोजून तोडणीचा दिवस ठरवला, त्याच्या उच्चाराची थट्टा करणाऱ्याचे त्या वाणाशी नाते पेल्यापुरतेच असते, ही बाब कोणाच्या लक्षात येत नाही.

इंग्रजीच्या बाबतीत आपण भलत्याच चुकीला हसतो, असे माझे स्पष्ट मत आहे. उच्चारातली चूक कानाला लागते, म्हणून तिची चेष्टा होते. अर्थाची चूक मात्र ऐकू येत नाही. तिच्यावर सही होते, ती फायलीत जाते आणि काही वर्षांनी एखाद्या घरातल्या भांडणाच्या रूपाने बाहेर पडते. नोकरीचा सगळा काळ नाशिक जिल्ह्यातल्या बँकशाखांमध्ये गेल्यामुळे ही दुसरी चूक मी फार जवळून पाहिली आहे, म्हणून हे जरा विस्ताराने लिहीत आहे.

आधी उच्चारांचे पाहू. आपल्याकडच्या द्राक्षशेतीत ‘थॉमसन’ हा शब्द घराघरात आहे. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात विल्यम थॉम्पसन नावाच्या बागायतदाराने हा बिनबियांचा वाण नावारूपाला आणला, म्हणून तो ‘थॉम्पसन सीडलेस’. आता स्पेलिंग पाहणारा शहरी माणूस त्यात ‘प’ घालून बोलतो, कारण ते अक्षर त्याला दिसते. इंग्रज मात्र या आडनावातला ‘प’ उच्चारत नाही. म्हणजे केवळ ऐकून शिकलेला पिंपळगावचा शेतकरी त्या अक्षरापुरता वाचून शिकलेल्यापेक्षा मूळ उच्चाराच्या अधिक जवळ आहे. शिवाय इंग्रज तिथे ‘थ’ही म्हणत नाही, ‘ट’ म्हणतो. लंडनच्या नदीचेही तसेच आहे. तिचे नाव ‘टेम्स’, आणि त्यातला ‘एच’ हा पुढे विद्वत्ता दाखविण्याच्या हौसेने घुसडलेला आहे.

ही हौस इंग्रजी स्पेलिंगमध्ये जागोजागी सापडते. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. लॅटिनमधल्या ‘डेबिटम’ची आठवण राहावी म्हणून पंडितांनी तो नंतर बसवला आणि लोकांनी तो कधीच उच्चारला नाही. पावतीच्या ‘रिसीट’मधला ‘पी’ असाच आलेला आहे. बेट या अर्थाच्या ‘आयलंड’ची कथा तर आणखी मजेची आहे, कारण त्या शब्दाचा लॅटिनशी काडीचाही संबंध नव्हता. तो अस्सल जुना इंग्रजी शब्द होता. परंतु फ्रेंचमधून आलेल्या ‘आइल’शी त्याची गल्लत झाली आणि त्याला एक ‘एस’ चिकटला. म्हणजे पावतीला ‘रिसिप्ट’ म्हणणारा आपला दुकानदार ज्या अक्षरामुळे फसतो, ते अक्षर मुळात त्या भाषेच्या पंडितांनीच वरून डकवलेले आहे. त्यात भर अशी की विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, तेव्हा इंग्रजीचे दीर्घ स्वर बदलत होते. साधारण १४०० ते १७०० या काळात ते पार बदलले, आणि छपाईमुळे स्पेलिंग मात्र बऱ्याच अंशी जुन्या उच्चारांपाशीच थिजले. अशा भाषेत लिहिले तसे वाचणारा माणूस अडाणी ठरत नाही. जसे लिहावे तसे बोलावे, ही देवनागरीने लावलेली सवय तो प्रामाणिकपणे पाळत असतो.

आणि ऐकण्यात चूक झाली म्हणून कोणाला हसायचेच असेल, तर नाशिककरांनी देवळाली कॅम्पपासून सुरुवात करावी. १८६१ मध्ये तिथे ब्रिटिश फौजेची छावणी झाली. नोकरीची मुदत संपलेल्या गोऱ्या सैनिकांना मुंबईहून मायदेशी जाणाऱ्या जहाजासाठी तिथे थांबवून ठेवीत असत. सैन्याची वाहतूक करणारी जहाजे साधारणपणे थंडीच्या मोसमातच सुटत, त्यामुळे ज्याची मुदत वसंतात संपली त्याने उन्हाळा आणि पावसाळा काहीही काम नसताना काढायचा. ऊन, कंटाळा, दारू आणि हिवताप यांनी काहींची डोकी फिरत. अशा माणसाला त्याचे सोबती ‘डूलॅली टॅप’ झाला आहे, असे म्हणू लागले. ‘डूलॅली’ म्हणजे आपली देवळाली, आणि ‘टॅप’ म्हणजे हिंदुस्थानी ‘तप’, अर्थात ताप. पुढे ‘टॅप’ गळून पडला, आणि ‘डूलॅली’ हा शब्द ब्रिटनमध्ये आजही वेडसर माणसासाठी वापरला जातो. त्यांना ‘ळ’ म्हणता आला नाही, गावाचे नाव धड ऐकू आले नाही, ‘तप’मधला ‘त’ जिभेवर बसला नाही. तरीही कोणी त्यांची चेष्टा केली नाही. त्यांचा चुकलेला उच्चार सरळ शब्दकोशात गेला. (आमच्या गावाचे नाव साऱ्या इंग्रजी मुलखात पोचले ते वेडेपणाचा समानार्थी शब्द म्हणून, याचा अभिमान बाळगावा की संताप करावा, हे मला अजून ठरविता आलेले नाही.)

हा एकटा नमुना नव्हे. आपल्या ‘मुंगूस’चे त्यांनी ‘मंगूस’ केले आणि स्पेलिंगच्या शेवटी बदकाच्या जातीतला ‘गूस’ आणून बसवला. त्यामुळे त्याचे अनेकवचन गूसप्रमाणे ‘गीस’ होते की काय, अशी शंका खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांनाच पडते. वास्तविक ते साधेसरळ ‘मंगूसेस’ आहे. मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ असा ऐकला, आणि हेन्री यूल व ए. सी. बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अँग्लो-इंडियन शब्दकोशाला तेच नाव दिले. आपणही यात मागे राहिलो नाही. प्लॅटफॉर्मचा फलाट केला, रिक्रूटचा रंगरूट केला आणि गॅसलाइटचे घासलेट करून त्यावर स्टो पेटवले. यातला प्रत्येक शब्द एके काळी कोणाच्या तरी चुकीच्या ऐकण्यातून आलेला आहे, आणि आता तो प्रमाण मराठी आहे.

मग उच्चाराला काहीच महत्त्व नाही का? आहे, पण ज्यामुळे ऐकणाऱ्याला भलतेच समजते, अशाच ठिकाणी. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ या जोडीने फोनवरच्या व्यवहारात किती घोळ होतात, हे द्राक्षांच्या निर्यातीत असलेल्यांना विचारावे. इंग्रजीत या दोन शब्दांमधला फरक बऱ्याच अंशी आघाताने कळतो: एकात जोर शेवटच्या भागावर, दुसऱ्यात पहिल्यावर. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलण्याची पद्धत नसल्यामुळे आपला कान तिकडे लक्षच देत नाही. ‘कॅन’ आणि ‘कान्ट’चेही तेच. अमेरिकन माणूस ‘कॅन्ट’मधला शेवटचा ‘ट’ जवळजवळ गिळून टाकतो आणि नकाराचा होकार होतो. यावर जुन्या व्यापाऱ्यांचा उपाय उत्तम आहे. ते आकडा सुटा करून ‘वन फाइव्ह’ किंवा ‘फाइव्ह झीरो’ असे सांगतात आणि समोरच्याकडून तो पुन्हा वदवून घेतात.

विमानवाहतुकीत नेमके हेच केले जाते. ओझरला विमानांचा कारखाना असल्यामुळे या क्षेत्रातली माणसे नाशिकमध्ये पुष्कळ आहेत आणि त्यांना हे ठाऊक असेल. तिथल्या रेडिओ-संभाषणात नऊला ‘नाइनर’, पाचला ‘फाइफ’ आणि तीनला चक्क ‘ट्री’ म्हणायचे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ‘थ्री’ला ‘ट्री’ म्हणणाऱ्या पोराला वर्गात उभे करणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. त्या अपघाताला कारणे अनेक होती, परंतु त्यांपैकी एक भाषेचे होते. डच वैमानिक इंग्रजीत ‘आम्ही आता टेकऑफला आहोत’ अशा अर्थाचे वाक्य बोलला. विमान धावू लागले आहे, असे त्याला सांगायचे होते. स्पॅनिश नियंत्रकाला मात्र ते उड्डाणाच्या जागी उभे आहे, असे वाटले. दोघांच्याही उच्चारांवर ठपका नव्हता. एकच वाक्य दोन अर्थांनी समजले गेले. त्यानंतर नियम बदलले, आणि ‘टेकऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असे ठरले. पुढे २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांतल्या वैमानिकांसाठी आणि नियंत्रकांसाठी इंग्रजीच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी बंधनकारक झाली. त्या पातळीच्या व्याख्येत उच्चारांवर मातृभाषेची छाप असलेली चालते. तिने समजण्यात वारंवार अडथळा आणू नये, एवढीच अट आहे. शेकडो प्रवाशांचा जीव ज्या बोलण्यावर अवलंबून आहे तिथे ही सवलत आहे, आणि कॉलेज रोडवरच्या कॅफेत ‘एस्प्रेसो’ कॉफीला ‘एक्स्प्रेसो’ म्हणणाऱ्याला नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले, त्या शब्दांकडे येतो. मनमाडजवळच्या पानेवाडीहून इंधनाचे टँकर निघतात. अशा टँकरांच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ असे लिहिलेले आपण नेहमी पाहतो. शाळेत ‘इन’ हा उपसर्ग नकारार्थी म्हणून शिकवलेला असतो, त्यामुळे हे ‘न पेटणारे’ असावे, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात हा ‘इन’ लॅटिनमधल्या ‘पेटवणे’ या क्रियापदाचाच भाग आहे. खुद्द अमेरिकेतही ही गल्लत होत असे, म्हणून तिथल्या अग्निसुरक्षा संघटनेने १९२० च्या दशकात ‘फ्लेमेबल’ वापरा असा आग्रह धरला. दवाखान्यातले शब्द याहून जवळचे आहेत. ‘क्रॉनिक’ म्हणजे फार गंभीर, असे बहुतेकांना वाटते. त्याचा अर्थ दीर्घकाळ चालणारा एवढाच आहे, आणि ‘अक्यूट’ म्हणजे अचानक उद्भवलेला. क्रॉनिक दुखणे सौम्यही असू शकते. तपासणीचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणून हायसे वाटून घेणारी माणसेही कमी नाहीत.

बँकेतल्या शब्दांविषयी मी अधिक खात्रीने लिहू शकतो. सोसायटीच्या किंवा पतसंस्थेच्या कर्जाच्या कागदावर ‘गॅरंटर’ म्हणून सही करणाऱ्यांपैकी कितीतरी जण आपण साक्षीदार आहोत, अशाच समजुतीत असतात. ‘भाऊ, फक्त सही करायची आहे’ असे सांगून त्यांना आणलेले असते. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, आणि त्याच्या कलम १२८ नुसार करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा आणि मग माझ्याकडे या, असे म्हणण्याची सोय त्याला सहसा नसते. ‘गॅरंटर’चा उच्चार तो अगदी बिनचूक करतो.

परंतु सर्वांत जास्त घरे मी ‘नॉमिनी’ या शब्दावरून भांडताना पाहिली. ‘नॉमिनी लावला’ याचा अर्थ आपल्याकडे ‘वारस लावला’ असाच घेतला जातो. वडील गेल्यावर ज्या मुलाचे नाव नॉमिनी म्हणून असते, त्याला ठेव आपलीच झाली असे वाटते. आणि बहिणींना आपले गेलेच, असे वाटते. दोन्ही समज चुकीचे आहेत. नॉमिनीला रक्कम देऊन बँक आपल्या जबाबदारीतून मोकळी होते; ती रक्कम कोणाची, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो आणि तोवर नॉमिनीने ती सांभाळायची असते. सर्वोच्च न्यायालयाने विमा पॉलिसीबाबत १९८४ मध्ये, बँकेतल्या ठेवींबाबत २०१० मध्ये आणि कंपनीच्या शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये हीच भूमिका घेतली. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीने फरक झाला. स्वतःच्या जीवनाच्या पॉलिसीत आईवडील, पती किंवा पत्नी, अथवा मुले नॉमिनी असतील, तर ती रक्कम सर्वसाधारणपणे त्यांचीच होते. म्हणजे एकाच घरातल्या एकाच शब्दाचा अर्थ विम्याच्या कागदावर वेगळा आणि मुदतठेवीच्या पावतीवर वेगळा.

अर्ज मराठीत छापले की हा प्रश्न सुटेल, असे कोणी म्हणेल. अर्ज मराठीतही असतात. त्यांवर ‘नामनिर्देशिती’ असे लिहिलेले असते आणि ते वाचून ग्राहक काउंटरवर विचारतो, ‘साहेब, म्हणजे नॉमिनी ना?’ साहेबही मान हलवून ‘हो’ म्हणतात आणि पुढचा ग्राहक बोलावतात. त्या ओळीखाली इतके छापायला हवे: ‘या व्यक्तीला बँक पैसे देईल, ते पैसे कोणाचे, हे तुमचे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवील.’ अर्जावर तेवढी जागा नक्कीच आहे.