लव्हेंडरला जलसमाधी

काल माझ्या लव्हेंडरचं पोस्टमॉर्टेम झालं. मी मागितलं नव्हतं.

शेजारचे काका पेपर परत द्यायला आले आणि कुंडीपाशी थबकले. विचारणं वगैरे काही नाही. सरळ कुंडी आडवी केली, बुडखा धरून झाड बाहेर ओढलं आणि मुळं माझ्या नाकाशी आणली. काळी, बुळबुळीत. वास तुंबलेल्या मोरीचा.

"पाणी किती घालायचास?"

"सकाळ-संध्याकाळ." जरा अभिमानानेच सांगितलं.

"झाड आहे की म्हैस?"

मी म्हटलं, काका, हे पुदिन्याच्या कुळातलं. पुदिना बघा, कसा घटाघटा पितो!

"तुझा चुलतभाऊ इंजिनियर झाला. तू झालास?"

यात माझं करिअर कुठून आलं? पण चिखलाचे हात माझ्याच टॉवेलला पुसत काकांनी प्रवचन लावलं. म्हणे, हे पोर पश्चिम भूमध्य सागराकडच्या डोंगरांतलं, पिरेनीज आणि फ्रान्सच्या आल्प्समधलं. चुनखडीचा खडकाळ उतार, कडक ऊन, कोरडा उन्हाळा. पाणी पडलं की लगेच निथळून गेलं पाहिजे. खत घालून लाडावलं तर नुसता पाला, फुलं कमी. थोडक्यात, जितकी उपेक्षा तितका सुगंध. असली झाडं विकताना लेबलवर तसं लिहायला काय होतं? माझ्या लेबलवर जांभळ्या शेताचा फोटो आणि 'भरपूर प्रेम द्या' एवढंच.

बरं, नाव 'इंग्लिश लव्हेंडर', मूळ इंग्लंडचं नाहीच. फोटोतली ती फ्रान्सची शेतंही बहुतेक लॅव्हेंडिनची, म्हणजे संकराची. त्याला बी धरत नाही, पण तेल भरपूर निघतं, म्हणून साबणांत तेच. वासाला कापराची झाक. 'लव्हेंडर' शब्दाचं नातं लॅटिनमधल्या 'धुणे' या क्रियापदाशी लावतात. मग मी दुसरं काय करत होतो? रोज दोनदा धूतच होतो की!

जाता जाता काकांनी शेंड्याची जिवंत राहिलेली बोटभर फांदी खुडली, खालची पानं ओरबाडली आणि खिशात टाकली.

"वाळूत खोचतो. रुजली तर तुला दाखवीन."

दाखवीन! देईन नाही, दाखवीन. कुंडी माझी, माती माझी, टॉवेलसुद्धा माझा.