मंगेशीचं देऊळ मूळचं तिथलं नव्हे
'परशुरामाने दहा गोत्रं गोव्यात वसवली, तेव्हापासून मंगेशीचं देऊळ आहे तिथेच आहे,' असा मजकूर फिरतोय. परशुरामाची कथा सह्याद्रिखंडातली, म्हणजे स्कंदपुराणाचा भाग मानल्या जाणाऱ्या ग्रंथातली. ती श्रद्धेने जरूर ऐकावी. देवळाची जागा मात्र इतिहासाचा विषय आहे. मूळ मंदिर कुशस्थळीला, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीत होतं. पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा, १५६० मध्ये, भाविकांनी मंगेशाचं शिवलिंग जुवारी नदीपार फोंडा महालातल्या प्रियोळला, म्हणजे आजच्या जागी नेलं. फोंडा महाल तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता, आदिलशाहीत होता. (म्हणजे देवाला आसरा मिळाला तो विजापूरच्या मुलखात, फिरत्या मजकुरात हे कसं येणार!) कुठ्ठाळीशेजारच्या केळशीची शांतादुर्गा देवीही अशीच कवळ्याला गेली. या देवांना कुलदैवत मानणारी अनेक सारस्वत ब्राह्मण कुटुंबंही कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत पांगली. मंगेशीची आजची इमारत मराठेशाहीतली. पेशव्यांनी १७३९ मध्ये मंगेशी गाव देवस्थानाला इनाम दिलं.