नदी अचानक चढत नाही

आज सकाळी काठावर जमलेल्या गर्दीत एक गृहस्थ ठासून सांगत होते की नदी रात्रीत पिसाळली आणि तिने कोणाला सावध होण्याची संधीच दिली नाही. मी तिथे काही बोलले नाही, परंतु त्यांचे ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेलेले नाही.

मी नऊ वर्षांची असताना वडिलांबरोबर पात्रातल्या एका काळ्या खडकावर बसले होते. आकाश निरभ्र होते. वडील एकाएकी उठले, त्यांनी माझा दंड धरला आणि मला काठावर आणले. कारण एवढेच, की नितळ पाण्यात तांबूस झाक उतरली होती आणि वाळक्या काटक्या वाहत येऊ लागल्या होत्या. तासाभरात तो खडक दिसेनासा झाला. पाऊस वरच्या अंगाला कुठेतरी पडला होता आणि त्याची वर्दी नदीने आधीच धाडली होती.

म्हणूनच ‘अचानक’ या शब्दाचा मला संताप येतो. काल दुपारीच पाणी गढूळ झाले होते आणि उथळ जागचा गोट्यांवरचा खळाळ बुडून तिथे खोल घुमणारा आवाज येत होता, तरीही मुले पाण्याकडे पाठ करून छायाचित्रे काढत उभी होती. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. जेमतेम १५ सेंटीमीटर खोलीचे वेगवान पाणीसुद्धा धडधाकट माणसाला पाडू शकते. डोंगरातल्या ओढ्याला किंवा धरणाचे दरवाजे उघडल्यावर लोंढा खरोखर काही मिनिटांत येतो, हे मान्य. पण काल तसे काहीही घडलेले नव्हते. आणि नदी घरात शिरली असे म्हणताना, काठची ती सपाट जमीन तिनेच पुरामागून पूर आणून, गाळाचे थर घालून तयार केली आहे, हे आपण कसे विसरतो?

पोटापाण्यामागे धावणाऱ्याला रोज काठावर थांबता येत नाही, हेही खरे आहे. वडिलांनाही सवड नव्हती. तरी कामावरून परतताना ते त्या खडकाकडे पाहत आणि पाणी किती बोटे चढले वा उतरले ते घरी सांगत. थंडीच्या पहाटे गार हवेपेक्षा ऊबदार असलेल्या पाण्यावरून वाफ उठे, तेव्हा ते मला उठवून न्यायचे. उन्हाळ्यात धार करंगळीएवढी उरली, तरी ती आटत का नाही, हे त्यांनी मला त्याच खडकावर बसवून समजावले होते: पावसाळ्यात जमिनीत मुरलेले पाणी काठांतून पाझरत राहते. नदीचा राग ओळखायला शिकले, त्याच्या कितीतरी आधी मी तिचे हे शांत दिवस पाहिले होते.

संध्याकाळी पुन्हा जाऊन आले. पाणी ओसरू लागले आहे आणि काठच्या गवतावर गाळाची ओली रेघ राहिली आहे. खडक अजून वर आलेला नाही, मात्र तो जिथे आहे तिथे पाणी फुगून दुभंगते आहे. लेकीला ती जागा बोटाने दाखवली, तेव्हा ती बराच वेळ तिकडेच पाहत राहिली.