दादासोबत आंघोळ

कोरियात ओळख झाली की माणसं आधी वय विचारतात. आपल्याकडे 'मूळ गाव कुठलं?' या प्रश्नामागे जी चौकशी दडलेली असते, तीच इथे वयामागे असते. समोरचा तुमच्याहून मोठा निघाला, तर तो 'ह्योंग', म्हणजे दादा. आमच्या सुवॉनच्या ऑफिसातला एकजण माझ्याहून चौदा महिन्यांनी मोठा निघाला आणि त्या दिवसापासून त्याने माझं पालकत्व पत्करलं. बिल तोच देतो. त्या बदल्यात त्याला कशालाही नाही म्हणायचं नसतं. "या शनिवार-रविवारी तुला खरा कोरिया दाखवतो," तो म्हणाला. मी अर्थातच हो म्हणालो.

शनिवारी सकाळी सोलचा ग्योंगबोकगुंग राजवाडा. 1395 सालचा, जोसन राजांचा. पारंपरिक हानबोक घालून गेलं की तिथे प्रवेश फुकट. तेव्हा 3,000 वॉनचं तिकीट वाचवण्यासाठी त्याच्या कितीतरी पट भाडं भरून आम्ही हानबोक घेतले. हा हिशेब आमच्या सदाशिव पेठेत कुणीही मान्य केला नसता. डोक्यावर काळी जाळीदार टोपी, हनुवटीखाली तिचे बंद. मुंजीतल्या बटूसारखा मी दिवसभर अवघडून हिंडलो.

रात्री तव्यावर मांस आलं. दादाने ते कात्रीने कापलं आणि सोजू ओतली. पेला दोन्ही हातांनी धरायचा आणि थोरांसमोर पिताना मान बाजूला वळवायची. आपल्याकडे थोरांसमोर पीत नाहीत. इथे पितात, फक्त त्यांच्याकडे बघत नाहीत. मला हे फार सोयीचं वाटलं.

तिथून निघालो ते थेट चिमजिलबांगमध्ये. म्हणजे हमामखाना, शेकायच्या गरम खोल्या आणि धर्मशाळा एकाच छपराखाली. काउंटरवर टी-शर्ट आणि अर्धी चड्डी मिळाली. ती अंगावर चढवून मी न्हाणीघराच्या दाराशी उभा राहिलो.

"हे नंतर," दादा म्हणाला. "आत्ता सगळं काढायचं."

"सगळं?"

"सगळं."

ज्याच्याशी सोमवारी सकाळी मीटिंग आहे, तो माणूस जन्मला तसा माझ्यासमोर उभा होता आणि हातात टॉवेल म्हणून एक नॅपकिन देत होता. पंचाचीसुद्धा सर नाही. एवढ्याशा फडक्याने माणसाने काय काय झाकायचं? मी चेहरा झाकला. ओळख तरी पटू नये! मग लक्षात आलं, त्या अख्ख्या न्हाणीघरात सावळा मी एकटाच होतो.

दादा वाफाळत्या हौदात गळ्यापर्यंत बुडाला आणि डोळे मिटून म्हणाला, "आऽऽ, शिवोनहादा!" हा शब्द मला येत होता. क्लासमध्ये शिकवलेला: गार, थंडगार. वारा शिवोनहादा, ताक असतं तर तेही शिवोनहादा. म्हणून मी विश्वासाने उतरलो. भिंतीवरचा 42 हा आकडा तापमानाचा आहे, हे मला किंकाळी फोडल्यावर कळलं. कढत सूप प्यायल्यावर, पाठ चेपून घेतल्यावर, आतून मोकळं मोकळं वाटलं की कोरियन माणूस शिवोनहादाच म्हणतो. क्लासमध्ये हे आधी शिकवायला हवं होतं.

अर्धा तास भिजत घालून मला एका रेक्झिनच्या टेबलावर आडवा केला. नुसत्या चड्डीवर एक काका आले. हाताला हिरवं, खरखरीत फडकं. त्याला म्हणतात इटली टॉवेल. इटलीचा संबंध एवढाच, की 1960च्या दशकात बुसानमध्ये ते पहिल्यांदा शिवलं तेव्हा कापड इटलीहून आलं होतं. काकांनी घासायला सुरुवात केली आणि नरकचतुर्दशीला आजीने लावलेलं उटणं मला मोरपिसासारखं आठवलं. मांडीवर टपली बसली की कूस बदलायची. पोळी उलटावी तसा मी चारी बाजूंनी उलटत होतो.

आणि मग अंगातून शेवया निघू लागल्या. खरोखरच्या शेवया, करड्या रंगाच्या! या मळाला 'त्ते' म्हणतात. उन्हाळ्यात दोन वेळा आंघोळ करणारं आमचं घराणं. बाहेरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय आजीने कुणाला घरात घेतलं नाही. त्या घराण्याचा मी वारस, आणि काका मोठ्या कौतुकाने ढीग दाखवून दादाला काहीतरी सांगत होते.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"विचारतायत, भारतात पाण्याची टंचाई आहे का?"

नागडेपणाची लाज केव्हाच मागे पडली होती.

पुढचं सगळं सुखाचं. टॉवेलची मेंढीच्या शिंगांसारखी टोपी, भाजलेली अंडी, भाताचं गोड गार सिक्हे आणि उबदार जमिनीवर अनोळखी माणसांच्या घोरण्यात लागलेली गाढ झोप. रविवारी सकाळी दादाने निरोप देताना हिरव्या फडक्यांचं अख्खं पाकीट हातात ठेवलं. "घरच्यांना पाठव."

पाठवलं. पंधरा दिवसांनी आईचा व्हिडिओ कॉल आला.

"फडकी मिळाली रे. काय छान आहेत! चकल्यांची कढई अशी लख्ख निघाली म्हणून सांगू. अजून पाठव, शेजारच्या काकूंनाही हवीत."