बेरिंबाव ॲमेझॉनचं नव्हे, अंगोलाकडचं

कापोएरा या ब्राझीलच्या नृत्यासारख्या युद्धकलेच्या व्हिडिओंसोबत एक मजकूर फिरतोय: त्यातलं धनुष्यासारखं वाद्य, बेरिंबाव, ॲमेझॉनच्या आदिवासींनी शोधलं. हे खरं नाही.

वाकवलेला लाकडी दांडा, त्यावर ताणलेली एकच तार (हल्ली बहुधा गाडीच्या जुन्या टायरमधून काढलेली) आणि बांधलेला पोकळ भोपळा. वादक भोपळ्याचं तोंड पोटाला टेकवतो, पुन्हा दूर करतो, तसा नाद बदलतो. अगदी याच रीतीने आफ्रिकेतल्या अंगोलातले बांटूभाषक (बांटू कुळातल्या भाषा बोलणारे लोक) ‘हुंगू’ हे वाद्य वाजवतात. गुलाम म्हणून जहाजांत कोंबलेल्या माणसांबरोबर ही कला ब्राझीलला पोहोचली. हेन्री कोस्टरच्या १८१६ साली छापलेल्या प्रवासवर्णनात गुलामांच्या नाचगाण्यात असंच एकतारी धनुष्य येतं, पोटाला लावून वाजवलेलं.

ज्यांच्याकडून घरदार, नाव, भाषा सगळं हिसकावलं गेलं, त्यांच्या हातची ही विद्याही दुसऱ्याच्या नावावर करणं मला फार अन्यायाचं वाटतं. कृपया तो मजकूर पुढे पाठवू नका.

आपल्याजवळही या घराण्यातलं वाद्य आहे: गुजरातच्या सिद्दींचं ‘मलुंगा’. ते पूर्व आफ्रिकेकडून, हिंदी महासागर ओलांडून आलं.