शराटीच्या ओळखीविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

मायणी तलावाकाठच्या शराटी (आयबिस) या बाकदार चोचीच्या पक्ष्यावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. छायाचित्रातल्या पक्ष्याचे डोके तांबडे आहे, त्या अर्थी तो दक्षिण आफ्रिकेतला, धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ गणला गेलेला टकला शराटीच असून मी त्याला उगाच आपला काळा शराटी ठरवले, हा पहिला. आणि करकोच्यांच्या गणातला (गण म्हणजे जवळच्या कुळांचा मोठा गट) पक्षी मी पेलिकनच्या गणात घातला, हा दुसरा.

तांबडे डोके दोघांनाही असते, म्हणून त्यावरून निकाल देता येत नाही. चोच पाहावी. टकल्या शराटीची (जेरॉन्टिकस काल्व्हस) चोच लाल, चेहरा पांढुरका, सगळे डोके पिसांविना आणि खांद्यावर तांब्याची झाक. काळ्या शराटीची चोच मात्र काळपट करडी, तांबडेपणा टाळूपासून मानेपर्यंतच, तोही चामखिळीसारख्या पुळ्यांचा, आणि खांद्यावर पांढरा डाग. पंख मिटलेले असले की हा डाग पुष्कळदा झाकला जातो, आणि आपला घोटाळा बहुधा तिथेच झाला असावा. लेखातल्या दुसऱ्या छायाचित्रात, ज्वारी काढलेल्या रानातून पक्षी उडतानाच्या क्षणी, तो डाग स्वच्छ दिसतो. शिवाय टकला शराटी दक्षिण आफ्रिका, लेसोथो आणि एस्वातिनी येथील उंचावरच्या गवताळ प्रदेशात राहतो आणि कड्यांवर घरटी करतो. समुद्र ओलांडून खटाव तालुक्यात येण्याची त्याची रीत नाही.

गणाविषयी आपण जुन्या पुस्तकांना धरून बोलत आहात आणि त्या काळापुरते ते बरोबरच होते. शराटी आणि चमचा (चमच्यासारख्या चोचीचा पक्षी) यांचे कूळ आजही एकच आहे. पण डीएनएच्या अभ्यासातून त्यांचे नाते करकोच्यांपेक्षा बगळे आणि पेलिकन यांच्याशी अधिक जवळचे निघाल्याने ते कूळ आता पेलिकनच्या गणात मोडते. चोचीच्या आणि पायांच्या लांबीवरून नाते जुळवण्याची जुनी सवय मलाही सोडवत नव्हती, हे कबूल करतो.

एक चूक मात्र माझीच आहे. टकल्या शराटीला मी ‘संकटग्रस्त’ म्हटले होते; ती पायरी ‘असुरक्षित’पेक्षा अधिक धोक्याची असून मोरोक्कोतला त्याचा उत्तरेकडचा भाऊबंद, ज्याच्या मानेवर पिसांची झालर असते, तो २०१८ पासून त्या पायरीवर आहे. आपण वापरलेला शब्दच योग्य होता. लेखात दुरुस्ती केली आहे.

येरळवाडीला आपण पाहिलेल्या पक्ष्याचे छायाचित्र असल्यास चोच आणि खांदा दिसेल असे पाठवावे.